लोनवर पाठवू का, ताई?

बघ, फुटबॉल क्लबनं पोराला लोनवर द्यायचं ठरवलं म्हणजे पोराला नाकारलं असं होत नाही. हे आधी मनात पक्कं कर, मग बाकीचं बोलू. ज्याला नाकारतात त्याचा करार संपवतात आणि हातात बॅग देतात. लोनवर दिलेला मुलगा क्लबचाच राहतो. एका हंगामापुरता तो दुसऱ्या संघाकडून खेळतो आणि मुदत संपली की परत येतो.

अमळनेरात बसून हे घरच्यांना समजावणं किती अवघड आहे, ते मला कळतं गं. क्रिकेट असतं तर टपरीवाल्यानंसुद्धा सल्ला दिला असता. पण सतरा वर्षांचा मुलगा डाव्या विंगेवर खेळतो म्हणजे नक्की काय करतो, हेच तू सासूबाईंना अजून समजावते आहेस, आणि त्यात आता हे लोन. सासूबाई म्हणणार, "पोऱ्याले तठे कसाले धाडी राहिनी?" दीर म्हणणार, क्लबनं हात झटकले. नवरा म्हणणार, तू म्हणशील तसं. आणि संध्याकाळी मैदानावर जमणारी ती पोरं, रात्र रात्र जागून इंग्लंडचे सामने बघणारी, ती तर सगळ्यांत ठाम! निम्मी म्हणतात, जाऊ दे त्याला, खेळायला तरी मिळेल. निम्मी म्हणतात, मोठ्या क्लबातच राहू दे, बाहेर गेला की विसरले समज. आणि तू मधे उभी, तव्यावर भाकरी टाकलेली, डोक्यात हा गोंधळ.

खरं सांगू का, दोन्ही बाजू बरोबर आहेत. म्हणून तर हा वाद मिटत नाही. मोठ्या क्लबात चांगले प्रशिक्षक असतात, फिजिओ असतो, जेवण मोजून-मापून मिळतं, आणि रोज सरावात अनुभवी बचावपटूंसमोर पळावं लागतं. त्यातून शिकायला मिळतंच. पण सरावात चुकलं तर कुणाचं काही जात नाही, आणि तिथंच गोम आहे. विंगरचं काम धोका पत्करण्याचं. समोरच्याला चकवायला जायचं, चारदा चेंडू गमवायचा आणि पाचव्यांदा पुढं काढायचा. ही हिंमत सामन्यातच येते, गॅलरीतून लोक ओरडत असताना. बेंचवर बसून ती येत नाही. शिवाय आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकतात आणि क्लब त्यांतले बरेचसे पुढच्या फळीसाठी आणतात. म्हणजे तुझ्या लेकाची जागा आधीच भरलेली असते. त्यात त्याचा दोष नाही.

ह्यांची बदली मडगावला झाली तेव्हा हे वाद मी जवळून ऐकलेत. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेले ती थेट पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांमध्ये जाऊन बसले आणि एफसी गोवाचा गोल झाल्यावर एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले! ह्यांनी हात धरून खाली बसवलं. असो. तर तेव्हा आमच्या इमारतीत, मासळीच्या गाडीपाशी, रविवारी चर्चबाहेर एकाच पोराची चर्चा असायची : लिस्टन कुलासो. मडगावला लागून दवर्ली आहे, तिथला हा मुलगा. १९९८ चा जन्म. २०१७ मध्ये संतोष करंडकात गोव्याकडून चमकला, गोवा त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि एफसी गोवानं त्याला उचललं. गावातलाच मुलगा गावच्या क्लबात, केवढा आनंद! पण संघ होता तगडा. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक, पुढे कोरो, बूमूस, बाजूंना जॅकीचंद. लिस्टनच्या वाट्याला यायची ती शेवटची काही मिनिटं, तीही कधीमधी.

जानेवारी २०२० मध्ये त्याला हैदराबाद एफसीनं नेलं. हा हैदराबाद क्लब म्हणजे आपलं पुणे सिटी बंद पडल्यावर त्या जागी आलेला नवा संघ. आणि गंमत बघ, त्या हंगामात गोवा गुणतक्त्यात पहिलं आलं आणि हैदराबाद शेवटचं. पहिल्या घरातून पोरगा शेवटच्या घरात गेला! आमच्या मजल्यावरचे काका तर कपाळाला हात लावून बसले होते. पण त्याच हैदराबादनं हंगामाच्या अखेरीस नॉर्थईस्टला ५-१ असं हरवलं आणि त्यातले दोन गोल लिस्टनचे होते. पुढच्या हंगामात मानोलो मार्केझ हे प्रशिक्षक आले. त्यांनी तरुण पोरांवर भरवसा टाकला, लिस्टनला डावीकडे नेमानं खेळवलं आणि हैदराबाद तळातून पाचव्या जागी आलं. २०२१ मध्ये एटीके मोहन बागाननं त्याला मोठी रक्कम मोजून नेलं. तेव्हाच्या बातम्यांत एक कोटीच्या आसपासचा आकडा होता, म्हणजे भारतीय खेळाडूसाठी डोळे विस्फारावेत असाच. तिथं पहिल्याच आयएसएल हंगामात त्यानं आठ गोल केले. आणि मार्च २०२३ मध्ये मोहन बागान पेनल्टीवर विजेते झाले तो अंतिम सामना कुठं झाला असेल? फातोर्ड्याला, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

आता नीट ऐक. लिस्टन लोनवर गेला नव्हता, कायमचाच गेला होता. आणि मडगावच्या लोकांची हळहळ नेमकी तीच. जाऊ द्यायला हरकत नव्हती, पण लोनवर द्यायला हवा होता, वर्षभरानं तयार होऊन परत आला असता, असं ते म्हणायचे. दुसरे म्हणायचे, लोनवर गेला असता तर हैदराबादनं एवढा जीव लावलाच नसता; दुसऱ्याच्या पोराला कोण एवढं घडवतं? तुझ्या दिरांना पटेल अशा भाषेत सांगते : सावडीला दिलेला बैल आहे हा. घेणारा त्याला चारा घालतो की नुसता राबवतो, की गोठ्यात बांधून ठेवतो, यावर सगळं अवलंबून. बैल देणं वाईट नाही, कुणाला दिला ते बघायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. 'लोन चांगलं की वाईट' हा चाहत्यांचा प्रश्न आहे. ते क्लबच्या बाजूनं विचार करतात, त्यांना पुढच्या वर्षी भक्कम संघ हवा असतो. तुझा प्रश्न निराळा आहे : कुठं, कुणाच्या हाताखाली, आणि किती मिनिटं. क्लबचं भलं आणि पोराचं भलं पुष्कळदा एकाच वाटेनं जातं, पण दर वेळी नाही बाई.

लोनवर जाऊन खरंच भलं झालेला गोव्याचाच मुलगा सांगू? म्हापशाचा मंदार राव देसाई. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झालं तेव्हा तो बाविशीतला डावा विंगर होता आणि धेंपो क्लबचा खेळाडू होता. त्या वेळी आयएसएल दोन-अडीच महिन्यांचंच असायचं, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि जुने क्लब आपली पोरं तेवढ्यापुरती लोनवर द्यायचे. धेंपोनं त्याला एफसी गोवाला दिलं आणि प्रशिक्षक कोण मिळाला, तर ब्राझीलचे झिको! कुठल्या शिबिराला पैसे भरून असा माणूस मिळाला असता गं? पुढे मंदार एफसी गोवाचाच झाला, लोबेरांनी त्याला विंगवरून मागे, डाव्या बचावात आणलं, तो भारताकडून खेळला, मुंबई सिटीबरोबर २०२०-२१ चं विजेतेपद मिळवलं. आणि ज्या धेंपोनं त्याला लोनवर दिलं होतं ते २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरलं. त्याच्या घरच्यांनी २०१४ मध्ये 'मोठा जुना क्लब सोडून दोन महिन्यांच्या तमाशाला कशाला' म्हणत त्याला अडवलं असतं तर?

इंग्लंडचं म्हणशील तर मैदानावरच्या त्या पोरांना विचार, ती बेकहॅमचं नाव आधी घेतील. १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला खालच्या श्रेणीतल्या प्रेस्टनला महिनाभर धाडलं. तोही विंगरच, पण उजवीकडचा, एकोणीस वर्षांचा. त्याच्याही मनात पहिला विचार हाच आला की आपण नकोसे झालो. पाच सामने खेळला, दोन गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून! मग परत गेला तो मुख्य संघातच. त्याच क्लबचा अलीकडचा अमाद डियालो बघ. आधी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेला, तिथं फारसं खेळायलाच मिळालं नाही. मग २०२२-२३ मध्ये सन्डरलँडकडे गेला आणि सगळे मिळून चौदा गोल केले. मुलगा तोच, वय जवळपास तेच. मग बदललं काय? घर बदललं. मार्च २०२४ मध्ये त्यानं लिव्हरपूलविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी गोल केला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला म्हणून दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर गेला. पोरंच ती, काय करणार!

आणि फसलेलं लोनही सांगते, नाहीतर म्हणशील ताई गोड गोडच बोलते. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्याच देशात झाला होता, आठवतो? कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडनं स्पेनला ५-२ हरवलं. इंग्लंडच्या त्या संघात हडसन-ओडोई नावाचा विंगर होता. पुढं चेल्सीनं त्याला २०२२ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला लोनवर दिलं. वर्ष संपलं, गोल जेमतेम एक. पण तो संपला का? पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला घेतलं आणि तिथं तो चांगला रुळला. एक हंगाम वाया गेला तरी सतराव्या वर्षी जग बुडत नाही, बघ.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्याच विश्वचषकात तो भारताकडून खेळला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचा, शाहू स्टेडियम ओसंडून वाहणारा. आपल्या खान्देशात ते वेड नाही. विश्वचषक झाल्यावर अनिकेतसकट त्या पोरांना विखरू न देता भारतीय फुटबॉल महासंघानं 'इंडियन अॅरोज' हा संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला, म्हणजे कोवळ्या पोरांना मोठ्यांविरुद्ध नेमानं सामने मिळावेत. २०२२ मध्ये तो संघ बंद झाला. त्याच वर्षी रिलायन्सची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, ती चांगलीच आहे, पण तिथं बहुतेक आपल्याच वयाच्या पोरांशी गाठ असते. धिप्पाड तिशीच्या बचावपटूचा धक्का खायला शिकायचं तर आता लोनच उरलं.

आता कागदाकडे ये. तुला कागदाची भीती वाटते ते मला ठाऊक आहे, पण भिशीचा हिशोब तूच चोख ठेवतेस ना? मग हेही जमेल. लोनचा करार लेखी हवा, दोन्ही क्लबांचा आणि खेळाडूचा. मुलाच्या संमतीशिवाय त्याला कुठं धाडता येत नाही आणि तो अठरा वर्षांखालचा आहे, म्हणून तुमची सही लागेल. सही हाच तुझा हुकमी पत्ता, घाईत टाकू नकोस. फिफानं जुलै २०२२ पासून देशाबाहेरच्या लोनसाठी नियम कडक केले : एका करारात जास्तीत जास्त एक वर्ष, आणि ज्यानं लोनवर घेतलं त्यानं पुढं तिसऱ्यालाच देऊन टाकायचं नाही. मोठे क्लब पोरांचा साठा करून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं गावोगाव फिरवायचे म्हणून किती जणांना लोनवर द्यायचं त्यावरही मर्यादा आली. पण क्लबनं स्वतः घडवलेली, एकवीस वर्षांपर्यंतची पोरं त्या मर्यादेतून वगळली आहेत. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही वाटतं की या वयात लोनचा फायदा होतो. देशातल्या देशात महासंघाचे नियम लागतात, पण तू मात्र हेच मुद्दे धरून विचार.

पैसे कोण देणार, आताचा क्लब की नवा? दुखापत झाली तर उपचार आणि विमा कुणाचा? गुडघ्याचा लिगामेंट गेला तर शस्त्रक्रिया आणि पुढचे महिने कुणाच्या खर्चानं? खेळवतच नसतील तर मधेच परत बोलावता येईल का, आणि कधी? नवा क्लब खरंच हंगामभर खेळणार आहे ना, हेही विचार. हसू नकोस, जुलै २०२५ मध्ये आयएसएलच लांबणीवर पडलं होतं. भले भले खेळाडू घरी बसून वाट बघत होते. ज्या संघाचे सामनेच ठरलेले नाहीत तिथं पोराला धाडून काय उपयोग? आणि सगळ्यांत महत्त्वाचं : त्या संघात डावीकडे आत्ता कोण खेळतो? तिथं आधीच तीन विंगर असतील तर एका बेंचवरून उठून दुसऱ्या बेंचवर बसणं झालं. दूरच्या बेंचवर, एवढाच फरक.

बारावीचं म्हणत होतीस. कॉलेजात उद्याच जा. हजेरी जमणार नसेल तर सतरा नंबरच्या फॉर्मचं विचार, मुक्त विद्यालयाचंही विचार, त्यांच्या मुदती असतात आणि त्या आपल्यासाठी थांबत नाहीत. "खेळात नाव काढलं की शिक्षण कशाला" असं म्हणणाऱ्या दिरांना चहा दे आणि विषय बदल. विंगरचं सगळं मांडीच्या मागच्या स्नायूवर चालतं, तो एकदा जोरात दुखावला की हंगाम गेला. हातात बारावी असलेली बरी.

आणि राहण्याची जागा स्वतः बघून ये. आपल्या अमळनेरनं हे जगाला शिकवावं, एवढी आपली ऐपत आहे. सानेगुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, १९२४ ते १९३०, आणि मुलांचं वसतिगृहही सांभाळायचे. घर सोडून आलेल्या पोराला कुणीतरी आपलं लागतं हे त्यांना कळलं होतं. नव्या क्लबच्या वसतिगृहात सानेगुरुजी मिळणार नाहीत, हे मलाही समजतं. पण रात्री ताप आला तर दार कुणाचं वाजवायचं, त्या माणसाचं नाव आणि नंबर तुझ्याकडे हवा. एका खोलीत किती पोरं, सामन्याच्या आदल्या रात्री जेवायला काय, सरावाचं मैदान किती लांब, सगळं बघ. लाजू नकोस. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतेस तेव्हा लाजतेस का?

खायचं मात्र एक ऐक. माझ्या लेकीला पहिल्यांदा वसतिगृहात सोडलं तेव्हा मी कळण्याचं पीठ भरभरून बांधून दिलं होतं, माझ्या पोरीला आपली भाकरी मिळायला हवी म्हणून. तिथं ना चूल ना तवा! सुट्टीत आली ती पिठासकट, आणि पिठात किडे. तेव्हा पीठबीठ देऊ नकोस. शेंगदाण्याची चटणी दे, मेतकूट दे, खारकांचे लाडू दे. वांग्याचं भरीत तो घरी आल्यावर खाईल. आणि क्लबच्या आहारतज्ज्ञानं काही वर्ज्य सांगितलं असेल तर तूपसुद्धा जपून, बाई.

तो गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न "खेळवलं का?" असा विचारायचा नाही. रोज तेच विचारलंस तर न खेळवलेल्या दिवशी तो फोनच उचलणार नाही. झोप झाली का, गुडघा कसा आहे, पोळ्या बऱ्या असतात का, एवढं पुरे. मिनिटांचा हिशोब तू तुझ्या वहीत ठेव, गुपचूप. कुठल्या सामन्यात सुरुवातीपासून होता, कुठं बदली म्हणून गेला, किती वेळ. दिवाळीपर्यंत वही कोरीच राहिली तर आताच्या क्लबला फोन करायचा आणि शांतपणे विचारायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही, वहीतले आकडे वाचून दाखवायचे. आकडे बघितले की लोक नीट बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. आणि त्याच्या क्लबातलं कुणी त्याचे सामने बघायला येतं का, महिन्यातून एकदा तरी फोन करतं का, तेही लिहून ठेव. विसरले आहेत की नाही, ते त्यावरूनच समजतं.

एक राहिलंच. या सगळ्या गोंधळात तू त्यालाच विचारलं आहेस का, की तुला जायचंय का? तुझ्या बोलण्यात दीर आले, सासूबाई आल्या, मैदानावरची पोरं आली, पण तो स्वतः काही म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. आज जेवण झालं की त्याला घेऊन गच्चीवर जा. तो "तू म्हणशील तसं" म्हणाला तर समज, बापावर गेलाय, आणि पुन्हा विचार. मग उद्या सकाळी त्या नव्या प्रशिक्षकांना फोन लाव. नवऱ्याला शेजारी बसव आणि फोन मोठ्या आवाजात ठेव, म्हणजे नंतर "असं म्हणालेच नव्हते" हा वाद नको. आधी डाव्या विंगेचं विचार, मग विम्याचं, मग राहण्याचं. त्या फोनवर कसलाही होकार देऊ नकोस, "विचार करून कळवतो" म्हण, आणि ठेवलास की मला लाव.